बॅकयार्डातला बंब आणि माझी थाप

लाकडावर चालणारा बाहेरचा बॉयलर नीट कसा पेटवायचा, हे मला कुणी विचारलं तर मी आजही अर्धा तास न थांबता बोलू शकते. लाकूड कसं निवडायचं, एका वेळी किती घालायचं, राख कधी ओढायची, हवेची झडप किती उघडी ठेवायची, सगळं तोंडपाठ आहे. हे मला आईनं शिकवलं. पण आई स्वतः हे कुठं शिकली, ते मी नवरा सोडून ओहायोतल्या एकाही मराठी माणसाला खरं सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते, आणि ही दुसरी लाज पहिलीपेक्षा फार वाईट आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही कोलंबसजवळच्या डब्लिन गावाच्या पलीकडे, मक्याची शेतं सुरू होतात तिथं, एक जुनं फार्महाऊस घेतलं. नवऱ्याला मोकळ्या जागेची हौस. घराबरोबर मागच्या मालकानं बसवलेला हा बॉयलर आला. घरापासून पन्नासेक पावलांवर, पत्र्याच्या खोपट्यासारखा, वर आखूड चिमणी. आत लोखंडी भट्टी, भट्टीभोवती पाणी. ते तापलेलं पाणी जमिनीखालच्या पाइपांतून घरात यायचं आणि रेडिएटर गरम करायचं. म्हणजे खरं बघाल तर आपला आंघोळीच्या पाण्याचा बंबच, फक्त म्हशीएवढा. मधे आग आणि भोवती पाणी. मला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण मी ‘बंब’ हा शब्द तोंडातून काढला नाही. तो काढला की पुढचं सगळं आलंच असतं.

कारण माझी आई सांगलीत मुलींच्या एका हॉस्टेलात बंब पेटवायची. मी चार वर्षांची असताना वडील गेले, तेव्हा तिला ते काम मिळालं आणि हॉस्टेलमागची एक खोली मिळाली. पहाटे चारला उठून ती तीन मोठे बंब पेटवायची, की साडेपाचपासून मुलींच्या आंघोळी सुरू. मी कॉलेज संपवून बाहेर पडेपर्यंत तिनं दुसरं काही केलं नाही. शाळेत माझ्या फ्रॉकला धुराचा वास येतो म्हणून शेजारची मुलगी बाक बदलून बसली होती, ते मी अजून विसरलेले नाही. हा काही माझा बचाव नव्हे. फ्रॉकला वास येत होता तो मी आठ वर्षांची असताना. थाप मारली तेव्हा मी चौतीस वर्षांची घोडी होते, लॅबमध्ये नोकरी करत होते आणि मला कुणी बाकावरून उठवणार नव्हतं.

थापसुद्धा मला रचावी लागली नाही. कोलंबसच्या मराठी मंडळींत सगळ्यांत आधी आलेल्या एक काकू होत्या. पुण्याच्या, स्वभावानं मोकळ्या, पण चौकशा फार. पहिल्याच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्यांनी विचारलं, आई काय करते. मी म्हटलं, मुलींच्या हॉस्टेलात असते. त्या म्हणाल्या, म्हणजे रेक्टर का? आणि मी हो म्हटलं. बस, एवढंच. पुढची दोन वर्षं मात्र मी त्या ‘हो’ला मीठमसाला लावत बसले. आई किती कडक, मुली तिला किती टरकून असायच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नवऱ्याला खरं ठाऊक होतं. एकदा गाडीत तो म्हणाला, कशाला गं हे? त्यावर मी अशी काही अंगावर गेले की त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

मग एका ऑक्टोबरात आई आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती किचनच्या खिडकीशी उभी राहिली आणि चिमणीकडं बघत राहिली. पांढरा, जड धूर जमिनीवर लोळत होता. “तुमचा बंब रडतोय,” ती म्हणाली. नऊवारी साडीवर नवऱ्याचं जाडं जॅकेट चढवलं, पायांत माझे स्नोबूट घातले आणि निघाली. नवरा मॅन्युअल घेऊन मागोमाग. मॅन्युअलात लिहिलं होतं, सकाळ-संध्याकाळ भट्टी भरा. तो ती गच्च भरायचा, सूटकेस भरतात तशी.

आईनं सगळं बाहेर काढलं. दोन ओंडके एकमेकांवर आपटून दाखवले. सुकं लाकूड टणटण वाजतं, ओलं नुसतं थप करतं. ओल्यातली निम्मी आग त्याचंच पाणी आटवण्यात जाते, मग तुमचं पाणी कसं तापणार? ओंडके फोडून घ्या, दंडाएवढे करा. आडवे-उभे रचा, मधे पोकळी ठेवा, आगीला श्वास घ्यायला जागा हवी. एकदम पोटभर घालू नका, थोडं घाला आणि भडकून जळू द्या. राख चार बोटं ठेवा, बाकीची ओढून काढा. आणि आतल्या पत्र्यावरची काजळी दर आठवड्याला खरवडा, काजळी म्हणजे पाण्यावर घातलेलं पांघरूण. नवरा वहीत लिहून घेत होता, पाण्याच्या तापमानाचे आकडे मांडत होता. आठवड्याभरात धूर दिसेनासा झाला, लाकूड जवळजवळ निम्मं लागायला लागलं आणि वरच्या मजल्यावरची आमची मुलगी प्रथमच स्वेटर काढून झोपली. ती आजीला इंग्रजीतून सांगायची, आजी तिला मराठीतून, आणि दोघींचं मस्त चालायचं. रस्त्यापलीकडचा म्हातारा शेतकरी तर मुद्दाम बघायला आला. टोपी काढून आईशी हात मिळवून गेला.

आई त्या दिवसांत किती खूश होती. घरात तिला करमत नव्हतं, टीव्ही कळत नव्हता, पण बॉयलरपाशी ती मालकीण होती. फोडलेलं लाकूड तिनं गॅरेजच्या आतल्या भिंतीला लावून ओळीनं रचलं, सुकायला. आणि मी काय केलं? रस्त्यावर ओळखीची गाडी दिसली की मी तिला आत बोलवायची. चहा झालाय, फोन आलाय, काहीही कारण काढून. तिला वाटायचं, लेक काळजी करते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तिळगुळाचा कार्यक्रम आमच्याकडं ठरला. दुपारी दोनला तीसेक माणसं येणार. माझा जीव टांगणीला. आईला खरं सांगायचं माझ्यानं झालं नाही. नुसतं म्हटलं, “उद्या तू बॉयलरकडं जायचं नाहीस. लोक म्हणतील, आईला राबवते.” ती हसली, बरं म्हणाली. तिला माझी गर्भरेशमी साडी नेसवली, चष्मा पुसून दिला, कोचाच्या मधोमध बसवलं. अगदी रेक्टर दिसत होती. मला बरं वाटलं, हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

बॉयलरचं काम नवऱ्यावर होतं. कार्यक्रमात सारखं बाहेर जावं लागू नये म्हणून त्यानं सकाळी घाईघाईत बर्फाखालचे जाडजूड ओंडके भट्टीत ठासले, राख न ओढताच. आईचा सगळा धडा त्या एका सकाळी पाण्यात गेला. पाहुणे आले तेव्हा घर बऱ्यापैकी ऊबदार होतं. काकूंनी आल्या-आल्या आईला नमस्कार केला, म्हणाल्या, “इतकी वर्षं हॉस्टेल सांभाळलंत म्हणे.” आई म्हणाली, “हो, सांभाळलं की.” माझी पाचावर धारण बसली होती, पण निभावलं.

तीनच्या सुमाराला रेडिएटर गार पडले. बाहेर उणे पंधरा-सोळा असेल. बायकांनी कोट परत चढवले, एक तान्हं बाळ होतं त्याला तिघींनी शाली गुंडाळल्या. नवरा दोनदा बाहेर जाऊन डोळे लाल करून आला. चिमणीतून तोच जड धूर. आई हातावर हात ठेवून बसली होती आणि माझ्याकडं बघत होती. जाऊ का, असं तिचे डोळे विचारत होते. मी मान हलवली. नको. बाळ किरकिरायला लागलं तेव्हा तिनं माझ्याकडं बघणं सोडून दिलं. “पोरं गारठली,” एवढं म्हणाली, उठली आणि रेशमी साडीवर जॅकेट घालून बाहेर पडली.

सगळे किचनच्या खिडकीशी गोळा झाले. आईनं भट्टीचं दार उघडून तोंड बाजूला केलं, धूर जाऊ दिला. मग आकडीनं एकेक ओंडका ओढून बर्फात टाकला. ते चर्र करत असणार, काचेआडूनही वाफ दिसत होती. राख ओढली. नवऱ्याला गॅरेजमधून लाकूड आणायला सांगितलं, दोन लाकडं वाजवून बघितली, खाली बारीक ढलप्या, वर आडवं-उभं. आणि उकिडवी बसून, पदर कमरेला खोचून, तिनं आगीत हलकेच फुंकर घातली. तशी फुंकर शिकून येत नाही. ती आयुष्य काढल्यावरच येते. काकू माझ्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

दीड तासानं रेडिएटर हाताला सोसेनात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई आत आली, हात काळे, साडीला ठिणगीनं पडलेलं एक भोक. तिला कोचावर बसवून काकूंनी कौतुकानं विचारलं, “रेक्टरबाई, पण हे कसब तुम्ही कुठं शिकलात हो? बंब पेटवायचं काम तुमच्याकडं कुठून येणार?”

रेक्टरबाई. आईनं तो शब्द ऐकला आणि माझ्याकडं बघितलं. तीन महिन्यांतल्या सगळ्या हाका, सगळे खोटे फोन, ती साडी, तो पुसून दिलेला चष्मा, सगळं तिला कळलं, हे मला कळलं. ती रागावली असती तर मी वाचले असते.

“आमच्याकडं एक बाई होती बंबावर,” आई म्हणाली. “तिचं बघून बघून आलं.”

काकू म्हणाल्या, अशा बायकांच्या हाताला खरंच गुण असतो. मग त्यांच्या सवयीनं त्यांनी विचारलं, मुलंबाळं होती का तिला?

“एक मुलगी. हुशार होती. फार शिकली, परदेशात गेली म्हणे.”

“मग आईला नेलं का तिनं?”

“नेलं की,” आई म्हणाली. “चांगलं ठेवलंय तिला. काही कमी नाही.”

नवरा दारात उभा होता आणि माझ्याकडं बघत होता. मला फक्त इतकंच म्हणायचं होतं, काकू, ती बाई हीच, आणि ती मुलगी मी. दहा शब्दही नव्हते. माझं तोंड उघडलं, आणि मी विचारलं, चहा कुणाकुणाला हवाय.

हात वर झाले. मी मोजायला लागले. आईनंही हात वर केला, पाहुण्यांसारखा.