यानाच्या डायवरला लिहिलेलं पत्र

टीव्ही आमच्या धामणगाव बढ्यात नवा होता, तेव्हाची गोष्ट. ग्रामपंचायतीच्या खोलीत एक काळा-पांढरा संच ठेवला होता आणि रविवारी सकाळी त्यावर एक हिंदी मालिका लागायची. अंतराळयानातून ग्रहाग्रहांवर फिरणाऱ्या माणसांची. यान पुठ्ठ्याचं आहे आणि त्यातली बटणं म्हणजे रंगवलेली झाकणं आहेत, हे मला पुण्याला शिकायला गेल्यापासून दिसायला लागलं होतं. गावाला त्याचं काही नव्हतं. सतरंजीवर एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष, आणि माझे वडील मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभे. बस म्हटलं तरी ते बसत नसत.

बाबा पूर्वी गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालवत. मी आठवीत होतो त्या वर्षी, कापूस वेचून रोहिणखेडला परतणाऱ्या बायकांची ट्रॉली त्यांच्या हातून उतारावर उलटली. तीन बायका गेल्या. कोर्टात ब्रेकचा दोष निघाला आणि बाबा सुटले. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. त्याच मालकाकडे सालदार म्हणून, वर्षाच्या बोलीवर राहिले, बैल हाकले, पाणी वळवलं. त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलत नसे. माय म्हणायची, सुटले ना, झालं आता. मीही तेच धरून मोठा झालो. बाबा कमी बोलतात, एवढंच मला माहीत होतं. ते कशामुळे, हे मी कधी विचारलं नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी वसतिगृहातल्या एका मित्राला गावी आणलं. तो पुण्याचाच. शुद्ध बोलायचा, चांगला होता, पण आमच्याकडचं बोलणं ऐकून त्याला हसू आवरायचं नाही. मी तोवर 'मले', 'तुले' सोडून दिलं होतं. मायने काही विचारलं की मी मुद्दाम पुणेरी उत्तर द्यायचो आणि ती गोंधळून गप्प व्हायची.

त्या रविवारी मालिकेत यान एका ग्रहावर आदळलं. चालकाचा अंदाज चुकला आणि त्याचे तीन साथीदार मेले. शेवटी तो एकटाच धुरात उभा होता. बाबा भाग संपायच्या आतच निघून गेले.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. यान नवंकोरं, चालकाचा गणवेश इस्त्रीचा. त्या तिघांच्या खुर्च्यांवर दुसरी तीन माणसं बसलेली. चालक त्यांच्याशी चेष्टामस्करी करत होता. मागच्या आठवड्याचा एक शब्दही नाही. कोणालाच ते खटकलं नाही, मलाही नाही. आम्ही नवा ग्रह पाहण्यात गुंग होतो.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. "त्या तिघाईचं काय झालं?"

लोक वळून बघायला लागले. कोणीतरी हसलं. मला मान वर करवेना. मी दबक्या आवाजात म्हणालो की बाबा, ही मालिका आहे, दर रविवारी नवी गोष्ट असते.

"गोष्ट नवी हाय," बाबा म्हणाले, "मानूस तर थोच हाय ना?"

आता सगळी खोली हसली. माझा मित्रही. आणि मी त्या हसण्यात सामील झालो, कारण नसतो झालो तर मी त्यांचा मुलगा ठरलो असतो.

दोन दिवसांनी, आम्ही परत निघायच्या आदल्या दुपारी, बाबा पोस्टकार्ड घेऊन आले. त्यांना सहीपुरतंच लिहिता येई. माझ्यापुढे कार्ड ठेवून म्हणाले, दिल्लीच्या टीव्हीवाल्यांना लिही. आणि ओसरीवर उकिडवे बसून सांगायला लागले. मला ते शब्द आजही जसेच्या तसे आठवतात. "लिही, तुमच्या डायवरच्या हातून तीन मानसं गेली. थो त्याईच्या घरी गेला होता का? गेला असंन तर त्याईनं त्याले काय म्हटलं, ते कळवा."

मित्र माझ्या शेजारीच होता. त्याने तोंडावर हात धरला. मी कार्डावर बाबांचं एक अक्षरही लिहिलं नाही. हिंदीत काहीतरी थट्टेचं खरडलं, आमचे वडील आपल्या चालकाची फार काळजी करतात, त्याला चांगला चष्मा द्या, असलं. बाबा माझ्या पेनाकडे बघत होते. लिहून झाल्यावर त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि समाधानाने परत दिलं. ते कार्ड मी टाकलंच नाही. मलकापूरला स्टेशनवर फाडलं.

माघात घरून पत्र आलं, मायने शेजारणीकडून लिहवून घेतलेलं. शेवटी एक ओळ होती. तुझे बाबा रोज पोस्टमनला विचारतात, दिल्लीचं उत्तर आलं का.

मित्र म्हणाला, त्यात काय, आपणच पाठवू. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. आपलं पत्र मिळालं. आमचे चालक त्या तिन्ही साथीदारांच्या घरी स्वतः जाऊन आले. घरच्यांनी त्यांना पाणी दिलं, बसवून घेतलं आणि माफ केलं. लिहिताना आम्ही दोघं खूप हसलो. एकदा उत्तर मिळालं की बाबांचं विचारणं थांबेल, असं मी स्वतःला सांगितलं. थोडं खरंही होतं ते.

उन्हाळ्यात घरी गेलो तर लिफाफा देवाच्या फळीवर तसाच बंद. बाबांनी तो कोणालाच उघडू दिला नव्हता. माय म्हणाली, तू आल्यावर तूच वाचशील म्हणून ठेवला आहे. मी फोडला आणि माझंच पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते "माफ केलं" या ओळीपाशी थांबवत आणि पुन्हा वाचायला लावत. चौथ्यांदा मी अडखळलो. त्यांना वाटलं, मी थकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि म्हणाले, चल, रोहिणखेडले जाऊ. कागद घे.

तेव्हा सांगायचं होतं. सायकलवर ते मागे बसले होते, रस्ता चांगला तासाभराचा होता, आणि तोंडाशी आलेली गोष्ट मी प्रत्येक वळणावर गिळत गेलो.

पहिल्या घराला कुलूप होतं. माणसं कामासाठी कुठे लांब गेली ती परतलीच नाहीत, असं शेजारी म्हणाले. दुसऱ्या घरी एक म्हातारा दारात आला. बाबांना ओळखलं, आत गेला आणि दार लावून घेतलं. बाबा त्या बंद दाराला हात जोडून बराच वेळ उभे राहिले.

तिसरं घर मशिदीच्या मागच्या गल्लीत, एका पिंजाऱ्याचं. तो ओसरीवर गादीसाठी कापूस पिंजत होता. दाढीवर, भुवयांवर कापूस. बाबांना बघून त्याने धनुकली बाजूला ठेवली. बाबा अंगणातच उभे राहिले आणि मला म्हणाले, वाच.

मी लिफाफा काढला. दिल्लीहून पत्र आलं आहे, असं काहीतरी पुटपुटलो. त्या माणसाची बायको मेली होती आणि मी त्याला आमच्या वसतिगृहातल्या खोलीत हसत हसत रचलेला मजकूर वाचून दाखवायला निघालो होतो. पहिली ओळ वाचली आणि त्याने हात वर केला.

"कागद राहू दे," तो बाबांना म्हणाला. "तू सांग, भाऊ. तू होता ना तिथं."

मग बाबा बोलले. घरात कधी बोलले नव्हते ते उभ्यानेच बोलले. निघताना उजेड कमी होत चालला होता. उताराच्या अलीकडे त्याच्या बायकोचा डोक्याला बांधलेला फडका उडून रस्त्यावर पडला. तिने हाक मारली, भाऊ, जरा थांब. बाबांना उशीर झाला होता. मालकाने ट्रॅक्टर वेळेवर मागितला होता. ते म्हणाले, उद्या येताना उचलू. थांबले असते तर ब्रेक लागत नाही हे तिथेच, सपाटीवर कळलं असतं. कोर्टात हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलंही नव्हतं.

पिंजाऱ्याने दाढीवरचा कापूस झटकला. मग त्याने एवढंच विचारलं, "रागावून म्हटलं का तिनं, थांब म्हणून?"

"नाही," बाबा म्हणाले. "हासून राह्यली होती."

त्याने मान हलवली. "सहा साल लागले तुले इथं याले," तो म्हणाला. त्याने माफ केलं असं म्हटलं नाही. आत जाऊन दोन पेले पाणी आणलं, बाबांना बसायला गादीचं टोक मोकळं करून दिलं आणि आम्ही निघेपर्यंत पुन्हा कामाला लागला नाही. निघताना म्हणाला, येत जा.

बाबा जात राहिले. दर वर्षी कापूस फुटला की एकदा, कधी दोनदा. पुढे तो आमच्याकडेही यायचा, ओसरीवर दोघं फारसं न बोलता बसायचे. गावातले लोक म्हणायचे, तुझे बाबा सुधारले. पत्राचा गुण आहे, असं बाबा सांगायचे. ते गेले तोवर मी त्यांना खरं सांगितलं नाही. पुष्कळांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, शेवट चांगलाच झाला की. झाला. पण तो मी केला नव्हता. मी एका माणसाची खिल्ली उडवायला कागद लिहिला होता आणि त्याने त्यावर विश्वास ठेवला, एवढंच माझ्या वाट्याचं आहे. सहा वर्षं एका घरात जेवलो, आणि त्या उताराबद्दलचा पहिला प्रश्न त्यांना विचारला तो एका पिंजाऱ्याने.

त्या वर्षी जूनमध्ये मी वसतिगृहात परतलो. सामान ठेवतो न ठेवतो तोच मित्राने विचारलं, काय रे, पत्राचं काय झालं? बाबा काय म्हणाले?

मी म्हणालो, काही नाही, खूश झाले.

तो हसला. आणि मीही हसलो.