डाव्या काडीची तक्रार

चौथा चष्माही परत आला, तेव्हा चष्मेकाका खरोखर हादरले. तीस वर्षं दुकान चालवताना या माणसाने एकच गर्व पोसला होता, की आपल्या हातचा चष्मा खटकतो म्हणून कोणी परत आणत नाही. आणि आता परत आणणारी कोण, तर पाठची बहीण. दुकानात तीन गिऱ्हाइकं बसलेली असताना तिने डबी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "दादा, डावी काडी अजून तशीच. आवाज आत येतोय."

काकांची रीतच न्यारी. इतर चष्मेवाले विचारतात, जवळचं दिसत नाही की लांबचं. काका आधी विचारत, "चष्म्यावर काय घालता?" कोणी हेल्मेट सांगे, कोणी रंगाच्या कारखान्यातला मुखवटा. काहीच घालत नाही म्हणणाऱ्याला, मग चष्मा कोणीही करून देईल, दोन गल्ल्या सोडून जा, असं तोंडावर सांगायलाही ते कमी करत नसत. बायको म्हणे, या स्वभावापायी एक दिवस माश्या मारत बसाल. पण हेल्मेटवाले आणि मुखवटेवाले त्यांना शोधत येत, कारण चष्म्याची काडी डोक्यात नेमकी कुठे रुतते हे याच माणसाला कळे.

बहीण वैमानिक. मोठ्या विमानाची नव्हे, नकाशांसाठी जमिनीचे फोटो काढणाऱ्या चिमुकल्या विमानाची. शेतात नांगर फिरवावा तसं सरळ जायचं, वळायचं, पुन्हा सरळ यायचं, रोज चार-पाच तास. बावीस वर्षं ती हेच करत होती आणि तिला त्याचा कंटाळा कसा येत नाही हे घरात कोणालाच उमगलं नव्हतं. शाळेत असताना तिला चष्मा लागला, तेव्हा आता कसलं विमान चालवतेस म्हणून सगळ्यांनी तिची टर उडवली होती. चष्म्याचं मी बघतो, असं एकट्या दादाने सांगितलं होतं.

तिचा नवा हेडसेट बाहेरचा आवाज खोडून काढणारा. त्याच्या दोन वाट्या कानांभोवती घट्ट बसल्या तरच ती करामत चालते. मध्ये चष्म्याची काडी आली की वाटीची गादी उचलली जाते, फट पडते आणि इंजिनाची घरघर आत घुसते. शिवाय काडी दाबली जाऊन दोन तासांत कानशिलं ठणकू लागतात. पहिल्या चष्म्याच्या जाड काड्यांनी हेच केलं. दुसऱ्याला काकांनी बारीक तारेच्या काड्या लावल्या, तर कानामागचा आकडा वाटीखाली बोचू लागला. तिसऱ्याच्या काड्या सरळ ठेवल्या, तर चष्मा नाकावरून घसरू लागला. चौथ्याला पत्र्याच्या पट्टीसारख्या चपट्या, सरळ काड्या आणि नाकाला मऊ रबरी टेकू. दुखणं गेलं, घसरणं गेलं, उजवी बाजू शांत झाली. डावी मात्र हटून बसली.

गोष्ट आता हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. गेल्या महिन्यात तळावरून रेडिओवर तिला दोनदा हाक गेली आणि घरघरीत ती तिला ऐकूच आली नाही. साहेबांनी बजावलं होतं, चष्म्याचं काय ते निस्तरा, आणखी एक हाक चुकली तर विमान मिळणार नाही. "तुझ्या काडीपायी माझं उडणं बंद होणार बघ," असं ती दादाला चेष्टेत म्हणाली होती. आपल्या काडीच्या फटीमुळे तिचं विमान कुठे आपटलं तर, हा विचार त्या दिवसापासून काकांची पाठ सोडेना.

"उद्या मला त्या विमानात बसव," काका गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले. "जमिनीवरच. तुझा हेडसेट, तुझा चष्मा आणि माझे कान. काडी कशी ऐकत नाही ते बघतोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पोट आत ओढून त्या विमानात बसले. खिशात कागदाच्या पट्ट्या होत्या. गादी आणि कानशील यांच्यामध्ये काडीलगत पट्टी सरकवायची आणि ओढायची; सुळकन निघाली तर फट आहे, अडकली तर नाही, ही त्यांची स्वतःची परीक्षा. बहिणीने इंजिन सुरू केलं आणि सगळं विमान थरथरू लागलं. काकांनी तिचा चष्मा लावला, त्यावर हेडसेट चढवला. बहिणीचा नंबर जबरदस्त असल्याने समोरचं सगळं विरघळून गेलं, पण आवाज एकदम लांब गेला. डावीकडे लांब, उजवीकडेही तितकाच लांब. त्यांनी डोकं हलवलं, जबडा हलवला, दोन्हीकडच्या पट्ट्या ओढून बघितल्या. एकही हलली नाही. काकांना हसू आवरेना. काडी निर्दोष होती.

बोलता यावं म्हणून बहिणीने इंजिन बंद केलं. काकांनी चष्मा आणि हेडसेट काढून तिला दिले आणि तिने ते चढवल्यावर स्वतःच्या हातांनी डावी वाटी नीट बसवली, पट्टी सरकवली, ओढली. पट्टी अडकली. तिने सवयीने डोळे मिटले होते. उजवी वाटी जराशी उचलून काकांनी विचारलं, "आता सांग. डावीकडून काही येतंय?"

"येतंय ना," ती वैतागून म्हणाली. "तस्संच. घूं... दादा, जराही फरक नाही रे."

काकांची नजर समोर गेली. काचेपलीकडे विमानाचा पंखा आडवा, निश्चल उभा होता; इंजिन मघाच बंद केलंय हे दोघांच्याही ध्यानातून गेलं होतं. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. बहिणीने डोळे उघडले, दादाच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग त्याच्या नजरेमागून पंख्याकडे बघितलं. तिने हेडसेट काढून मांडीवर ठेवला, तरी तिची मान डावीकडे कललेलीच राहिली, कारण तो आवाज अजून येत होता.

तिचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर आहे हे काकांनी चार वेळा मोजलं होतं, त्याप्रमाणे काडी चार वेळा तापवून वाकवली होती. त्या कानाला ऐकू येतं का, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"घरीही येतो का?" त्यांनी विचारलं.

"उड्डाण केलं की रात्रभर राहतो. सगळ्यांनाच राहतो म्हणतात." तिने मांडीवरचा हेडसेट बाजूला सरकवला. "पंखा लावून झोपते मी. थंडीतसुद्धा."

मग तिने सांगितलं. शिकवणाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, डावी वाटी अर्धी मागे सरकवून ठेवा, इंजिनाची तब्येत कानाने ऐका. तिच्या बरोबरीचे सगळे तसंच करत, आणि तिने ते जवळजवळ वीस वर्षं केलं. उघड्या कानात इंजिन घुमत असायचं, त्यामुळे उडताना आत आणखी काही घुमतंय हे कळलंच नाही. नवा हेडसेट आला, पहिल्यांदाच दोन्ही कान झाकले, शांतता झाली, आणि मग हा आवाज उडतानाही ऐकू यायला लागला. काडीशिवाय दुसऱ्या कोणावर संशय घेणार?

"दादा," ती हळूच म्हणाली, "अजून एक करून बघशील? याहून बारीक?"

तीस वर्षांत काकांनी कुठल्या अवघड चष्म्याला नाही म्हटलं नव्हतं, आणि या मुलीला तर जन्मात कशालाच नाही म्हटलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. "नाही करणार," ते म्हणाले. "पाचवा चष्मा घेऊन तू वर जाशील, आणि मागे बसणाऱ्या फोटोवाल्यालाही नेशील. मला ते नको. आधी कानाच्या डॉक्टरकडे जायचं, आजच. मी येतो बरोबर."

तिने समोरच्या तबकड्यांवरच्या काट्यांकडे बघितलं. सगळे शून्यावर होते. काकांना वाटलं, ही आता भांडेल, आणि भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण तिने खिशातून फोन काढला, डाव्या कानाला लावला, पलीकडची घंटी ऐकूच येईना, तेव्हा तो उजव्या कानाला घेतला.

"साहेब, उद्यापासून माझी उड्डाणं दुसऱ्याला द्या," ती म्हणाली. "नाही, चष्मा नाही. चष्मा झकास झालाय. माझा डावा कान गेलाय."

पलीकडच्या माणसाचा विश्वास बसला नसावा, कारण तिला ते पुन्हा एकदा सांगावं लागलं.