काकांची प्रस्तावना

अमेरिकन सेनेटमध्ये एखादा कायदा अडवायचा तर बहुमत लागत नाही. उभं राहायचं आणि बोलत सुटायचं. शंभरातले साठ जण एकत्र येऊन चर्चा बंद करेपर्यंत मतदान होत नाही. हल्ली तर बोलण्याचीही तसदी घेत नाहीत, धमकी पुरते. जर्मन संसदेत हे चालत नाही. तिथे पक्षांना मिनिटं वाटून दिलेली असतात आणि ती संपली की अध्यक्ष बोलणं तोडतात. मला हे पटतं.

डार्मश्टाटमधलं आमचं मराठी मंडळ जर्मन नियमांनी नोंदवलेलं होतं, पण वार्षिक सभा सेनेटसारखी चाले.

एका वर्षी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या एका मुलीने प्रस्ताव आणला, की शनिवारी सकाळी मंडळाच्या खोलीत मुलांसाठी मराठीचा वर्ग घ्यावा. तिची लेक किटात, म्हणजे बालवाडीत जायला लागणार होती. त्याआधी मराठी पक्की व्हावी, एवढीच तिची घाई. पण शनिवारी ती खोली एका निवृत्त इंजिनियर काकांच्या ताब्यात असे. उपक्रमाचं नाव ज्येष्ठ कट्टा. प्रत्यक्षात चौघे रमी खेळत.

काका बोलायला उठले. मंडळाची स्थापना, तळघरात बसवलेला पहिला गणपती, मातृभाषेची थोरवी, आधी अक्षरं की आधी शब्द, सगळं झालं. खोलीत निम्मे पीएचडीवाले होते. ऑफिसात जर्मन साहेबाच्या तोंडावर त्याच्या चुका काढणारे हे लोक, पण काकांना 'आवरा' म्हणायला एकाची जीभ उचलेना. मोठ्यांचं बोलणं तोडायचं नाही म्हणे. एकेक जण चहाच्या थर्मासकडे सरकला. शेवटी इमारत सांभाळणारा हाउसमाइस्टर किल्ल्या घेऊन दारात उभा राहिला आणि विषय पुढच्या वर्षावर गेला.

जिन्यात तिने काकांना गाठलं. "काका, तुमचा विरोध आहे का वर्गाला?"

"छे गं, विरोध कसला? चर्चा व्हायला हवी, एवढंच."

"आज झाली ती?"

"ती प्रस्तावना."

अडवणाऱ्याला 'नाही' म्हणावंच लागत नाही, ही या युक्तीतली खरी सोय. मुलांच्या मराठीच्या आड येऊन वर भाषाप्रेमी म्हणून मिरवायला माणूस मोकळा.

पुढच्या वर्षी दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून मी अध्यक्ष झाले. पहिलाच विषय मांडला, प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. काका त्यावरही बोलायला उठले. तीन मिनिटं का, चार का नाहीत, आपल्या संस्कृतीत वेळेची कल्पना काय. मी ऐकलं, मग म्हटलं, "काका, बसा. मतदान घेतेय."

"मी अजून बोलतोय."

"दिसतंय. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. मग मागून काकूंचा आवाज आला, "अहो, बसा आता." ते बसले. नियम झाला, पाठोपाठ वर्गही मंजूर झाला. काकांनी ना बाजूने हात वर केला, ना विरोधात. तटस्थ राहिले.

सभा संपल्यावर त्या संशोधक मुलीने लेकीला हाक मारली, "चल, बूट घाल." वर्षभर किटात जाणारी लेक खेळण्यातून मान वर न करता जर्मनमध्ये म्हणाली, "ग्लाइश, मामा." म्हणजे, आलेच, आई.

वर्ष फुकट गेलं होतं. वर्ग त्याच शनिवारी सुरू केला.