तीन डोंगरांचा पास

खिडकीपाशी गेल्या की बाई काचेला पालथा हात लावायच्या, तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसा. मग म्हणायच्या, "वर पडला असेल बघ." वर म्हणजे डोंगरावर, आणि पडला असेल तो बर्फ.

ग्लासगोत मी दर शनिवारी त्यांच्याकडे पोळ्या करायला जायचे. बाई साठीच्या, हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. यजमान गेल्यावर, पंचावन्नाव्या वर्षी, त्या स्कीइंग शिकल्या. गणपतीला साडी नेसून आरतीला उभ्या असलेल्या त्यांना तुम्ही पाहिलं असतंत, तर तुमचा विश्वास बसला नसता. उजवा गुडघा दुखायचा. त्याला त्या "माझी सासू" म्हणायच्या.

त्या सप्टेंबरात त्यांना प्रश्न पडला. तीन डोंगरांवर चालणारा, अख्ख्या हिवाळ्याचा एकच पास मिळत होता. महिना संपला की तो महागणार होता. बाई डिसेंबरात रिटायर होणार होत्या, म्हणजे हा पहिलाच मोकळा हिवाळा. पण मँचेस्टरहून मुलाचा रोज फोन. सून जानेवारीत कामावर परत जाणार, बाळाला नर्सरीत जागा ईस्टरनंतर. तोवर आईने तिथे राहायला यावं. पास घ्यायचा तर मुलाला नाही म्हणायला हवं, आणि त्याला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं.

"मला सांग, वसूल होईल का?" त्यांनी मला विचारलं. मला कुणापुढे बोलायला जमत नाही. मी पोळी लाटत राहिले.

भिजत घालायला मी हरभरे काढले होते. त्यातली मूठ त्यांनी टेबलावर ओतली. एक दाणा म्हणजे बर्फावरचा एक दिवस.

"हे वाऱ्याचे. वारा सुटला की डोंगरावर नेणारी लिफ्ट बंद. हे पावसाचे. हा रस्ता बंद. आणि हे चार सासूबाईंचे."

दाणे एकेक करून वाटीत परत गेले. टेबलावर सहा उरले.

"पैसे वसूल व्हायला आठ तरी लागतात गं," त्या म्हणाल्या. वाटीतले दोन दाणे हळूच उचलले, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवले.

मला राहवलं नाही. "बाई, जायचंय ना तुम्हाला?"

"खूप."

"मग मोजताय कशाला?"

त्यांनी लगेच मुलाला स्पीकरवर फोन लावला. "मी ईस्टरला येते रे. त्याआधी नाही."

"आई, दोन-चार दिवसांच्या स्कीइंगसाठी?" मुलगा म्हणाला.

"सहा. मोजलेत मी."

"कशावरून?"

"हरभऱ्यांवरून."

फोन ठेवल्यावर त्या कितीतरी वेळ चष्मा पुसत बसल्या. मुलाने दोन आठवडे फोन केला नाही. मग बाळाचा टोपी घातलेला फोटो आला, खाली एक अक्षर नाही. त्या दिवशी बाई दोन पोळ्या जास्त जेवल्या.

हिवाळा नुसता वाऱ्याचा निघाला. जेमतेम चार दिवस मिळाले. "डोंगर तीन घेतले गं, पण वारा तिघांना मिळून एकच," त्या हसून सांगायच्या.

ईस्टरला त्या मुलाकडे गेल्या, आणि तिथेच राहिल्या. आता त्यांच्या इथल्या फ्लॅटमध्ये दोन विद्यार्थी राहतात. पोळ्या ते विकतच्या आणतात.

बर्फाच्या त्या चार दिवसांतल्या शेवटच्या दिवशी बाईंनी मला बरोबर नेलं होतं. मी डोंगराच्या पायथ्याशी चहाचा कप धरून उभी होते. वरून लाल जॅकेटातलं कुणीतरी वळणं घेत आलं, तोंड उघडं, शाळा सुटल्यासारखं ओरडत. अगदी जवळून गेल्यावर कळलं, बाईच. मी हात केला. त्यांनी मला पाहिलंच नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.