सगळ्यांची संमती

कळंबच्या म्हस्कूआबांची मेंढरं कधीच विकली गेली होती. आता ते मुलाच्या, दादासोच्या पेरूच्या बागेत पाखरं हाकत. पण जमातीत त्यांना मान होता, कारण देवाचा भंडारा त्यांच्याकडे होता. तंटा मिटेना की ज्याच्यावर आळ आला त्यानं आबांच्या पिशवीतली हळद उचलून शपथ घ्यायची. खोटं बोलला तर त्याचा कळप मरतो, अशी समजूत. कळप उरले नव्हते, तरी भंडारा उचलला की माणूस सुटला, एवढं मात्र अजून चालत होतं.

जमातीतल्या दत्तोबाच्या पोरीला, मनिषाला दिवस गेले तेव्हा तिनं सूरजचं नाव घेतलं. सूरज हा आबांचा नातू, दादासोचा पोरगा. तो म्हणाला, "माझा काय संबंध न्हाय." बैठक बसली आणि पोटातलं पाडायचं ठरलं. दत्तोबाची संमती घेतली, जमातीची घेतली, आबांनीही मान डोलावली. मनिषाला विचारायचं राहून गेलं. ती आत बैठकीचा चहा करत होती.

जीप करून तिला बारामतीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, तिच्याशी एकटीशी बोलल्या आणि दार उघडून म्हणाल्या, "मुलगी सज्ञान आहे. तिची एकटीची संमती लागते. ती नाही म्हणतेय."

"पर आमी समदी राजी हाय की," दत्तोबानं समजावून सांगितलं.

"मग तुम्ही घरी जा. आणि लग्न झालेलं असो वा नसो, मुलाचा खर्च बापाला द्यावा लागतो. तेवढं त्याला सांगा."

पुन्हा बैठक बसली. खर्चाचं कानावर पडताच सूरज भंडारा उचलायला तयार झाला. त्याच्याकडं मेंढरं नव्हती, जेसीबी होता. भंडाऱ्यानं जेसीबी मेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

याच पोरानं बागेत आबांना मोबाइलवर मनिषाचा फोटो दाखवला होता, "आबा, ही तुमची नातसून." मागच्या बैठकीत आबांनी ते गिळलं होतं. आता यानं हळद उचलली की पोरगी जन्मभर खोटारडी ठरणार होती. त्यांना स्वतःची शरम वाटली. त्यांनी पिशवीचं तोंड आवळून बांधलं.

"उचलू नगंस. लेकरू तुझंच हाय. तूच मला सांगितलंयस."

"आबा, घरी चला, मग बोलू," दादासो म्हणाला. घरी काही बोलणं झालं नाही. त्या दिवसापासून घरात आबांशी कुणी बोलतच नव्हतं.

बैठकीत मात्र आबांचं ऐकून जमात खूश झाली होती. चला, लगीन लावून टाकू. तेवढ्यात मनिषा बाहेर आली. "मला ह्यो नवरा नगं. त्यानं बाप म्हणून काय द्यायचं ते द्यावं." बैठकीनं एकमेकांकडं बघितलं. हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

मुलगी झाली. सूरज एक पैसा देईना, तेव्हा मनिषा इंदापूरच्या कोर्टात गेली. आबा तिच्या बाजूनं साक्षीला उभे राहिले. सूरजच्या वकिलानं विचारलं, "ही बाई तुमची कोण लागते?"

"तशी कोण न्हाय," आबा म्हणाले. "तिच्या कडेवरची ती माझी पणती."

सूरज खाली बघत होता. आबांनी त्याच्याकडं हात केला.

"आन त्यो बाप."