कोरी पट्टी

दुपारी रेवाला पाजता पाजता माझाच डोळा लागतोय. अकरा महिन्यांची आहे, जेमतेम साडेपाच किलो. तिच्या जीन तपासणीचा रिपोर्ट सकाळीच फोनवर आलाय. फोन उशीखाली आहे. मी तो उघडलेला नाही.

तिच्या हनुवटीवर दूध ओघळतंय. पुसायला हात उचलते, तर हातात ग्लोव्ह आहे.

समोर मृदुलाताई. आमच्या प्रयोगशाळेतली सीनियर, जाऊन तीन वर्षं झाली तिला. तिनं रेवाचा निळा टब बर्फाच्या चुऱ्यानं भरलाय आणि त्यात इवल्या इवल्या नळ्या खोचतेय.

"आई झालीस तरी विसरभोळीच का गं तू?"

टबापलीकडे कोल्ड रूमची भिंत, भिंतीवर लसीकरणाचा तक्ता. रेवा प्रयोगशाळेच्या तराजूवर निजलीये आणि आकडे हळूहळू उतरतायत. मी ताईला ते दाखवते, पण ती मान वर करत नाही. जुनंच समजावत राहते. पेशीच्या पृष्ठभागावर निरोप घेणारे रिसेप्टर उभे असतात. वाढीचा निरोप आला की त्यांच्यावर फॉस्फेटचे दिवे लागतात, आणि फॉस्फटेज नावाची एन्झाइम्स ते विझवत फिरतात. एकच फॉस्फटेज उलट्या चालीचं. ते विझवतं, आणि त्यामुळेच निरोप पुढे जातो. ते मोकाट सुटलं तर निरोप थांबतच नाही, आणि तरी मूल खुरटतं. ताई पाच वर्षं त्याच्याच मागे होती. रेवाच्या हृदयाची झडप अरुंद निघाली तेव्हा डॉक्टरांनी त्याचाच जीन तपासायला सांगितला.

"गोळी टाकली होतीस?" ताई विचारते.

पेशी फोडताना फॉस्फटेजना थोपवणारी गोळी टाकावी लागते, नाहीतर ते नळीतच सगळे दिवे विझवून टाकतात. ताईच्या शेवटच्या प्रयोगात मी ती विसरले. दिव्यांच्या खुणा जिच्यावर उमटतात ती पट्टी कोरी आली. ताईनं वहीत लिहिलं, 'सिग्नल नाही.' महिन्याभरात मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. गोळी माझ्या ॲप्रनच्या खिशात सापडली. मी कुणालाच सांगितलं नाही.

"नाही टाकली."

"माहितीये. तुझ्या तोंडावरनंच कळलं होतं."

"मग वहीत तसं का लिहिलंस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते."

आता आम्ही दवाखान्याच्या रांगेत आहोत. रेवा माझ्या कडेवर, गार पडलेली. ताई माझा अंगठा धरते आणि नखावर मार्करनं पाच लिहिते. प्रयोगशाळेतही लिहायची. पेशींना निरोप दिल्यावर पाचव्या मिनिटाला नळी बर्फात गेलीच पाहिजे, हे मी विसरू नये म्हणून.

"आणखी थांबलीस तर काही दिसायचं नाही," ती म्हणते.

"आणि दिसलं तर?"

"तर ते आधीपासूनच आहे. तू बघितलं नाहीस म्हणून जाणार नाही ते."

रेवाच्या रडण्यानं जाग येते. ऊन भिंतीवरून उतरलंय. एका हातानं तिला थोपटत मी उशीखालचा फोन काढते, रिपोर्ट उघडते, अंगठ्यानं वर सरकवते. तिसऱ्या ओळीत त्याच फॉस्फटेजचं नाव आहे, ताईच्या वहीच्या प्रत्येक पानावर असायचं ते, आणि पुढे 'दोष आढळला'.

रेवा माझा अंगठा ओढून तोंडात घालते, चोखत राहते आणि शांत होते. मग सोडते.

नखावर काळा पाच आहे. तिच्या लाळेनंही पुसलेला नाही.