पंचाच्या मनगटावरचे घड्याळ

स्वतः बरोबर असूनही सगळ्या गावाला आपण चुकलेले वाटावे, अशी पक्की व्यवस्था स्वतःच्या हाताने करून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे दीर. परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलेत, की कपाटातले ते जड स्विस घड्याळ कुणाचे, आणि मागून तुमचे बाबा हसत म्हणाले, “काकांना लाच म्हणून मिळालेलं.” मी गप्प बसले. राग आला की मला नीट बोलता येत नाही, लिहिता मात्र येते. म्हणून हे लिहिते आहे. बाबांनाही वाचायला द्या, आणि ते हसले तर मला कळवा.

भाऊजी हायस्कुलात विज्ञान शिकवत. लग्न केले नाही. आमच्यापासून दोन घरांवर एका खोलीत राहत आणि रोज पावणेपाचला आमच्याकडे चहाला येत. पावणेपाच म्हणजे पावणेपाच. एकदा दूध उशिरा आले म्हणून चहा पाच वाजायला चार मिनिटे असताना दिला, तर चहा पिऊन झाल्यावर शांतपणे म्हणाले, “चहा चांगला होता वहिनी, पण हा आपल्या वेळापत्रकातला नव्हे.” माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात मुहूर्ताची वेळ गुरुजींनी जरा आधीच गाठली. अक्षता उडणार तोच हे दोन्ही हात वर करून पुढे आले आणि म्हणाले, “अजून चाळीस सेकंद आहेत.” गुरुजींना आणखी एक मंगलाष्टक म्हणावे लागले. येत असलेली सगळी म्हणून झालेली, म्हणून त्यांनी पहिलेच पुन्हा म्हटले. बसस्टँडवर तर यांना सगळे ओळखत. गारगोटीची गाडी का उशिरा सुटली, असे यांनी विचारले, तेव्हा कंडक्टर म्हणाला होता, “पावणं, तुमचं घड्याळ घरात ठेवून या की एक डाव. गाडी येळेवरच सुटल.”

असा माणूस फुटबॉलचा पंच झाला यात नवल नाही. तुम्ही परदेशात फुटबॉल पाहता, पण कोल्हापुरातला पाहिलेला नाही. इथे पेठेपेठेचा संघ असतो आणि माणूस आधी पेठेचा असतो, मग घरचा. मॅचच्या दिवशी सख्खे व्याही एकमेकांशी बोलत नाहीत. दोन्हीकडच्या खेळाडूंना भाऊजींनीच शाळेत शिकवलेले, त्यामुळे मैदानात शिव्यांचा पाऊस पडला तरी यांच्यावर एक थेंब उडत नसे. फार तर कुणी ओरडे, “सर, चष्मा पुसा की.” हे खरोखरच चष्मा पुसत.

घोटाळा झाला तो जुन्या घड्याळामुळे. एका मॅचच्या उत्तरार्धात ते बंद पडले आणि यांना पत्ता नाही. खेळ चालूच. शेवटी दोन्ही बाजूंचे बचाववाले मैदानात फतकल मारून बसले, तेव्हा यांना संशय आला. लोक पोट धरून हसले आणि घरी गेले. हे लक्षात ठेवा. घड्याळ चुकले त्या दिवशी कुणालाही काही वाटले नाही.

भाऊजींना मात्र फार लागले. ते महाद्वार रोडच्या गल्लीतल्या घड्याळवाल्या चाचांकडे गेले. चाचांच्या तीन पिढ्या याच कामात, डोळ्याचे भिंग जेवतानासुद्धा कपाळावर असायचे. त्यांच्याकडून तीन घड्याळे परीक्षेला मागून घेतली. रेडिओवर तासाचे ठोके पडले की तिन्ही तपासायची, आडवी ठेवून, उभी ठेवून, आणि पंचाला पळावे लागते म्हणून पळूनसुद्धा. पहाटे रंकाळ्याला तीन घड्याळे एकाच हातावर कोपरापर्यंत बांधून हे पळत. चौथ्या दिवशी पोलिसाने धरले. “कुठनं उचलली?” तो म्हणाला. भाऊजींनी त्याला घड्याळाची टिकटिक ज्याच्यामुळे होते त्या अडकवण्याच्या चाकाचे कार्य समजावून दिले, तेव्हा त्याने हात जोडून सोडले.

तीन आठवड्यांनी निकाल लागला, आणि तो अगदी नको त्या घड्याळाच्या बाजूने लागला. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. घड्याळ उत्तमच होते, पण आमच्याकडे त्याची कीर्ती वाईट. ज्याला कंत्राट मिळाले, ज्याने रस्त्यातली खडी खाल्ली, त्याच्या मनगटावर ते झळके. या घड्याळाचा आधीचा मालक आजऱ्याकडचा काजूचा व्यापारी. माणूस सरळ होता, पण ते घड्याळ बांधल्यापासून गावातली सगळी मंडळे वर्गणीला पहिल्यांदा त्याच्याच दारात येऊ लागली, म्हणून कंटाळून त्याने विकायला दिलेले.

चाचा म्हणाले, “सर, तुमच्यासारख्यानं हे बांधू नये. हे घड्याळ म्हंजे टेंडर पास झाल्याची पावती हाय.”

“ते चुकतं का?”

“न्हाय. त्योच तर वांधा हाय.”

“मग तेच द्या,” भाऊजी म्हणाले, आणि पंधरा वर्षांची शिल्लक मोजून ते घेऊन आले.

हे सगळे मला कसे कळले? मी विचारले म्हणून. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला ते चहाला आले, कप उचलताना बाही वर सरकली, आणि मी इतकी वर्षे ओळखत असलेल्या त्या माणसाला म्हटले, “कुणी दिलं हो, भाऊजी?” लिहिताना आजही कानशिले तापतात. त्यांनी कप खाली ठेवला आणि पोलिसासकट सगळी हकीकत सांगितली. चहा गार झाला. जाताना म्हणाले, “तुम्ही तोंडावर विचारलंत म्हणून सांगितलं. आता हे कुणाला सांगायचं नाही. ज्याला हवं असेल तो मला विचारील.”

मी कबूल केले. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईने असला मूर्ख शब्द द्यायला नको होता.

कारण पुढच्याच अंतिम सामन्यात शेवटची शिट्टी वाजली आणि त्यानंतर खालच्या पेठेने मारलेला चेंडू जाळ्यात गेला. भाऊजींनी गोल दिला नाही. खालची पेठ हरली, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाले, की सरांना वरच्या पेठेने घड्याळ दिले. महिन्याभरात वरची पेठ हरली, तेव्हा ठरले, की छे, घड्याळ खालच्या पेठेने दिले. दोन्ही पेठांनी आपण दिले नाही हे पक्के माहीत असल्यामुळे दुसरीने दिले याची दोघींनाही खात्री. हे कोल्हापूर आहे, इथे माणूस अनोळखी पाहुण्याला पगार विचारतो, पोरे किती आणि का नाहीत ते विचारतो. पण या एका माणसाला हा एक प्रश्न विचारायला एकाचेही तोंड उघडेना. मी भाजीवालीला विचारले, तर ती म्हणाली, “सरांना कसं इचारायचं बाई? माझ्या पोराला शिकीवलंय त्येंनी.” मागे बोलायला मात्र शिकवलेले आड येत नव्हते.

स्पर्धा भरवणाऱ्या कमिटीने चिठ्ठी पाठवली, की मॅचपुरते दुसरे साधे घड्याळ बांधून यावे, विषय मिटेल. तुमचे आजोबा म्हणाले, “अरे, माझं बांध. काय बिघडतं?” भाऊजी म्हणाले, “तुझं दिवसाला दोन मिनिटं पुढं जातं. बरोबर घड्याळ काढून चुकीचं बांधलं की मी प्रामाणिक, असं म्हणणं आहे का?” मी म्हटले, “मग सांगून टाका ना एकदा सगळ्यांना.” त्यावर म्हणाले, “वहिनी, चोरी न केलेल्यानं दारोदार जाऊन मी चोरी केली नाही म्हणून सांगायचं?” मला दोन्ही बाजूंचा सारखाच संताप आला. शिट्टी त्यांनी कमिटीला परत केली. रविवारी दुपारी मैदानावरचा गलका आमच्या गल्लीपर्यंत येई, तेव्हा ते खिडकी लावून पेपर तपासत बसत. पावणेपाचला येत, पण चहा उशिरा झाला तरी काही बोलत नसत. ते मला बघवत नसे.

पुढच्या हंगामात नव्या पंचांनी असा काही गोंधळ घातला, की एक मॅच तीनदा संपली. मग एका रविवारी सकाळी दोन्ही पेठांची मिळून सातआठ माणसे भाऊजींकडे आली. खुर्च्या पुरेनात म्हणून आमच्या नेल्या, त्यामुळे मी दारातच उभी होते. खालच्या पेठेचा वस्ताद, चांगला दांडगा माणूस, मांडी घालून खालीच बसला आणि म्हणाला, “सर, झालं गेलं पंचगंगेला मिळालं. खाल्लं तर खाल्लं, आमचं काय म्हननं न्हाय. पर येळ तुमचीच बरोबर असतीया. तुम्ही परत या.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माफ करायला आले होते हे लोक. भाऊजी मात्र पुढे वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा मी कधी पाहिली नव्हती.

“वस्ताद, मला विचार ना, घड्याळ कुठून आलं.”

वस्तादाने कानाला हात लावले. “न्हाय सर. ते इचारून तुमचा अपमान करनार न्हाय आम्ही.”

“अरे, पण विचार की.”

“मरंस्तोवर न्हाय,” वरच्या पेठेचा म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन्ही पेठांचे एकमत झालेले तेवढे एकच.

 भाऊजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मॅच कधी आहे?”

त्यानंतर बरीच वर्षे ते मैदानावर होते, त्याच घड्याळानिशी. कुणी विचारले नाही आणि यांनी सांगितले नाही.

ते गेले तेव्हा दोन्ही पेठांची माणसे आली होती. वस्ताद म्हातारा झाला होता. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “वैनी, वरच्या पेठंनं येवढं घड्याळ दिलं, पर सर त्येंच्याकडं येक बॉलसुदीक झुकलं न्हाईत. असा मानूस हुयाचा न्हाय.” मग मात्र मी शब्द मोडला. काजूचा व्यापारी, चाचा, तीन आठवडे, पंधरा वर्षांची शिल्लक, सगळे त्याला तिथेच अंगणात उभी राहून मोठ्या आवाजात सांगितले. त्याने हात जोडून शेवटपर्यंत ऐकले. “व्हय वैनी, व्हय,” तो म्हणाला. घरात माणूस गेलेल्या बाईची समजूत काढावी, तशा आवाजात. त्याला एक अक्षर पटले नव्हते. आणि त्याच्या पांढऱ्या मिशीवरून पाणी ओघळत होते, ते थांबत नव्हते.  मी आतून एक खुर्ची आणून त्याला बसायला दिली.